सरळ केलेली हनुवटी

त्या गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मोठी माणसं तिला ‘फोटोवाल्या ताई’ म्हणत, आणि शाळेची पोरं, ती आसपास नाही असं बघून, ‘हनुवटीबाई’. ताईला ते माहीत होतं, पण त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. तिचा दिवसच मुळी लोकांच्या हनुवट्यांवर चालायचा. गिऱ्हाईक पडद्यामागे गेलं, फिरत्या स्टुलावर बसलं, की ताई दोन बोटांनी त्याची हनुवटी उचलायची. ‘जरा वर. एवढी नको, भांडायला निघाल्यासारखी दिसते. हां. आता श्वास सोडा.’ आणि श्वास सुटायच्या आत फोटो निघालेला असायचा.

सरळ चेहऱ्याचा माणूस अजून जन्माला यायचाय, हे तिचं ठाम मत होतं. कुणाचा एक डोळा बारीक, कुणाचं नाक उजवीकडे झुकलेलं, कुणाचं तोंड एका बाजूने सदा कुरकुरणारं. कुठली बाजू दिव्याकडे करायची आणि कुठली अंधारात लपवायची, हे तिला माणूस पडदा सारून आत येईपर्यंत कळलेलं असे. शाळेच्या मुख्याध्यापकांची एक भुवई बोटभर वर होती. त्यांना स्वतःला ते साठीपर्यंत कळलं नव्हतं, ताईला मात्र पहिल्याच फोटोत कळलं. दिवा मोठा, कापडी पेटीतला, आणि तो एकच. बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, खिडकीच्या बाजूला. बाबांनी तो तिथे ठेवला होता आणि ताईने तो तसूभरही हलू दिला नव्हता.

स्टुडिओ बाबांचा. ते गेल्यावर तो बहीण-भावांकडे आला, आणि कामाची वाटणी बाबांनीच आधी करून ठेवली होती. कॅमेरा ताईकडे. फोटो साफ करण्याचं काम दादाकडे. बाबांच्या काळात ते शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर व्हायचं, आता जिन्याखालच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. दादाचा हात असा की मुरुमं, डाग, कपाळावरची आठी, सगळं पुसून पुन्हा माणूस तोच दिसावा. ताई त्या कोपऱ्याकडे फिरकत नसे. कॅमेऱ्यातून निघाला की फोटो दादाचा, हा घरचा कायदा होता. आणि बाबांचं एक वाक्य दोघांच्या तोंडात बसलं होतं. ‘आरशावर विश्वास ठेवू नका, तो उलटं दाखवतो. फोटोवर ठेवा.’

बाबा गेल्याच्या वर्षापासून दुकानाच्या वाढदिवसाला दोघं शेजारी शेजारी बसून एक फोटो काढत. काउंटरमागच्या भिंतीवर त्याची रांग लागली होती. नऊ वर्षांचे नऊ.

ताईचं लग्न झालं नव्हतं. तो विषय घराने केव्हाच बासनात गुंडाळून ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर ताईनेच गाठ मारली होती. ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत राहायची, पुढच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी. तिघांचा चहा एकत्र, तिघांची भांडणं एकत्र.

तीन-एक वर्षांपूर्वी जांभई देताना तिच्या उजव्या कानाजवळ ‘कट्’ असा आवाज यायला लागला. वहिनी हसायच्या, ‘ताई, तुमच्या जबड्याला तेल घाला.’ मग उजव्या बाजूने टोस्ट चावला की कळ यायला लागली. ताई डावीकडून चावू लागली आणि प्रश्न मिटला असं तिने मानून टाकलं. कधी कधी सकाळी आरशात बघताना तिला वाटायचं, हनुवटी डावीकडे सरकल्यासारखी दिसतेय. अशी शंका आली की ती खाली उतरायची आणि काउंटरमागचा अलीकडचा फोटो बघायची. फोटोत हनुवटी नाकाच्या रेषेत, जिथे असायला हवी तिथे. म्हणजे आरसाच मेला तिरका लागलाय. तिने दोनदा आरशाचा खिळा उपटून नव्याने ठोकला. लोकांच्या भुवईचा बोटभर फरक ओळखणारी ही बाई, आणि स्वतःसाठी खिळा ठोकत बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

शेवटी तिला हलवलं ते चिकटपट्टीने. पाकिटं बंद करताना ती वर्षानुवर्षं चिकटपट्टी दातांनी तोडायची. एक दिवस तुटेना. दुसऱ्या दिवशीही तुटेना. तिने जीभ फिरवून पाहिली तर समोरचे खालचे दात वरच्यांच्या खाली नव्हतेच, एका दाताएवढे बाजूला जाऊन उभे होते. ती दाताच्या डॉक्टरांकडे गेली. अक्कलदाढ असेल, काढून टाका, असं सांगायच्या तयारीनेच गेली होती. डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं, मग मिटायला लावलं, मग समोर उभं राहून नुसतं बघितलं.

‘दुखणं दातांचं नाही,’ ते म्हणाले. ‘मोठ्या हॉस्पिटलात जा.’

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी पडद्यावर तिच्या कवटीचं चित्र आणलं आणि पेनाच्या टोकाने कानापुढची जागा दाखवली. तिथे जबड्याची बिजागरी असते. डावीकडची गुळगुळीत होती. उजवीकडच्या हाडाला, आल्याला बाजूने कोंब फुटावा तशी एक गाठ फुटली होती.

‘खाली हाड आणि वर कूर्चेची टोपी,’ सर्जन बाई म्हणाल्या. ‘तुमचा कान वरून चिमटीत धरा. वाकतो ना? ती कूर्चा. अशा गाठी गुडघ्यापाशी, खांद्यापाशी आम्ही पुष्कळ बघतो. जबड्याच्या बिजागरीवर मी माझ्या बावीस वर्षांत ही तिसरी बघतेय. ही वाढते तसा त्या बाजूचा जबडा लांबतो आणि हनुवटीला दुसरीकडे ढकलतो.’

‘कॅन्सर आहे का?’ दादाने विचारलं. तो शेजारच्या खुर्चीवर बसला होता. आई गाठीनेच गेली होती, त्यामुळे ‘गाठ’ म्हटलं की त्याचे ओठ पांढरे पडत.

‘बहुतेक वेळा नसते. साधीच असते. पण ही टोपी जरा जाड आहे, साधी की वाईट याच्या सीमेवरची. म्हणून मला एकच गोष्ट कळायला हवी. ही किती वर्षांची आहे? दहा वर्षं हळूहळू वाढली असेल तर मी फक्त गाठ तासून काढीन, बिजागरी वाचवीन. पण वर्षभरात एवढी झाली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. मग बिजागरी आणि भोवतालचं सगळं काढावं लागेल.’

‘तुकडा काढून तपासता येत नाही का?’

‘कूर्चेचा छोटा तुकडा फसवतो. इथला साधा निघतो आणि शेजारचा नसतो. आणि चेहऱ्याची नस नेमकी तिथूनच जाते, तिच्याशी दोनदा खेळायचं नाही.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘तुमचे जुने फोटो आहेत का? समोरून काढलेले? आम्ही त्यावरूनच ठरवतो.’

ताई हसली. एवढ्या सगळ्यातही तिला हसू आलं. अख्ख्या गावात एवढ्या पद्धतशीर फोटोंचा माणूस दुसरा कोण असणार होता? नऊ वर्षं, त्याच खुर्च्या, एकच दिवा, एकच अंतर. दादा मात्र हसला नाही. घाबरला असेल, असं ताईला वाटलं.

दुसऱ्या भेटीला ती नऊच्या नऊ चौकटी कापडी पिशवीत घालून घेऊन गेली. दादाने वाटेत एकदा म्हटलं, ‘सगळे कशाला, दोन-तीन पुरेत.’ ती म्हणाली, ‘हातच्या काकणाला आरसा कशाला? सगळे बघू देत.’ सर्जन बाईंनी तपासणीच्या कॉटवर फोटो ओळीने मांडले आणि पट्टी घेऊन एकेकावर वाकल्या. 

‘हा शेवटचा कधीचा?’

‘मागच्या वर्षीचा. अकरा महिने झाले.’

‘यात हनुवटी मधोमध आहे.’ त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ‘आणि आज दीड सेंटिमीटर बाजूला. हे फोटो जसेच्या तसे आहेत ना? काही सुधारलेलं नाही?’

‘आमच्याकडे फार तर डाग पुसतात,’ ताई म्हणाली. तिच्या आवाजात बाबांचा सगळा तोरा होता. ‘माणूस बदलत नाहीत. हो की नाही रे दादा?’

दादाने मान हलवली. होकाराची.

‘मग ही अकरा महिन्यांची वाढ झाली,’ सर्जन बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. मोकळेपणा गेला. मोठं ऑपरेशन करावं लागेल. तारीख पुढच्या पंधरवड्यातली. नस वाचवायचा प्रयत्न करू, पण चेहऱ्याची उजवी बाजू हलेल याची खात्री देता येत नाही. उजवा डोळा बहुतेक मिटणार नाही.

ताई कॅमेऱ्यात डाव्या डोळ्याने बघायची, उजवा मिटून. चोवीस वर्षं.

 घरी आल्यावर दादा जिन्यातच बसला आणि रडायला लागला, आणि तिने, हो तिनेच, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ‘अरे, मरत नाहीये मी. एक डोळा उघडा राहील एवढंच. निदान झोपेत तुझ्यावर लक्ष ठेवता येईल.’ वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पदराने तोंड दाबून आत निघून गेल्या. त्यानंतरचे चार दिवस घरात अळीमिळी गुपचिळी. दादा जेवत नव्हता, आणि त्याने दोन घास खावेत म्हणून ताई त्याच्या समोर बसून राहायची.

पाचव्या दिवशी दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं. ताईने पिशवीतल्या चौकटी काढल्या, काचा पुसल्या आणि एकेक परत खिळ्याला लावू लागली. शेवटची चौकट हातात राहिली. आपला चेहरा धड होता तो हा शेवटचा, असं मनात येऊन ती चौकट घेऊन खिडकीपाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःच्या फोटोकडे गिऱ्हाइकाच्या फोटोसारखं पाहिलं. आधी नजर दिव्याकडे जाते. दिवा कुठला, सावली कुठे.

दिवा डावीकडून होता, नेहमीचा. नाकाची सावली उजव्या गालावर पडली होती. बरोबर. गळ्याची सावली उजवीकडे. बरोबर. आणि त्या दोन सावल्यांच्या मध्ये, उजव्या जबड्याच्या कडेवर, उजेड होता. तसाच उजेड, जसा डावीकडे. तेवढीच मऊ कड, तेवढीच चमक.

दिवा तर एकच होता.

तिने आठवा काढला. तिथेही तेच. सातवा. सहावा. तिसऱ्या फोटोपर्यंत प्रत्येकात नाकाखाली दोन्हीकडे सकाळ झालेली. डाव्या जबड्याची नक्कल उलटी करून उजवीकडे बसवली होती. शिवण कुठेच दिसत नव्हती, इतका सफाईचा हात. पहिल्या दोन फोटोंत मात्र उजवी कड अंधारात होती, जशी असायला हवी. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सात वर्षं झाली.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं काही तिला झालं नाही. ती नीट उभी होती. तिने सात चौकटी काउंटरवर मांडल्या आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली. ‘दादा, खाली ये.’

तो आला. त्याने काउंटरकडे पाहिलं आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

‘दिवा एकच आहे आपला,’ ती म्हणाली.

‘तुला वाईट वाटू नये म्हणून,’ दादा म्हणाला. ‘पहिल्यांदा अगदी थोडंसंच होतं गं. केसभर. मी म्हटलं, दिव्यामुळे दिसत असेल. सहज सरळ केलं. मग पुढच्या वर्षी सरळ केलं नसतं तर तुला फरक कळला असता.’

‘म्हणजे तुला दिसत होतं. दर वर्षी.’

‘हो.’

‘अजून कुणाला?’

त्याने जिन्याकडे पाहिलं. वरच्या पायरीवर वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. ‘वहिनी, तुम्हाला?’

‘ताई, सगळ्यांनाच दिसत होतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘आम्हाला वाटलं तुम्हालाही माहीत आहे, आणि तुम्हाला त्यावर बोलायचं नाहीये. तुम्ही अख्ख्या गावाचे चेहरे वाचता.’

‘आणि ती पोरं? हनुवटीबाई?’

वहिनींनी मान खाली घातली. ताईने आठवून पाहिलं. ‘हनुवटी वर’ ती चोवीस वर्षं म्हणत होती. ते नाव मात्र पाच-सहा वर्षांपूर्वीचं होतं.

दादा एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण खोटं बोलणारा माणूस एकदा खरं बोलायला लागला की त्याला कुठे थांबावं कळत नाही. म्हणाला, सहा वर्षांपूर्वी एक दाताचे डॉक्टर पासपोर्टच्या फोटोसाठी आले होते. जाताना त्याच्या कानाशी म्हणाले होते, बहिणीला कुणाला तरी दाखवा, जबडा सरकतोय. तो म्हणाला होता, हो, दाखवतो. मग शाळेच्या फोटोंचा हंगाम आला. मग आईची आठवण आली. आज सांगू, उद्या सांगू. एक वर्ष गेलं की मागचं वर्षही सांगावं लागणार, म्हणून पुढचं वर्ष.

‘सहा वर्षांपूर्वी तुला डॉक्टरने सांगितलं,’ ताई म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि जबडा प्रत्येक शब्दाला कटकट वाजत होता. ‘तेही मी एक वेळ गिळलं असतं. माणूस घाबरतो. पण परवा? परवा त्या बाईंनी समोर विचारलं. माझी बिजागरी, माझी नस, माझा डोळा, सगळं त्या एका उत्तरावर होतं. मी तुला विचारलं. आणि तू मान हलवलीस.’

‘मला वाटलं, आता कसं सांगू...’

‘तुझी लाज वाचवायला तू माझा डोळा देऊन टाकलास. चार दिवस मी तुला जेव जेव म्हणून भरवतेय, आणि तू मूग गिळून माझ्याच ताटासमोर बसतोस. परक्याने केसाने गळा कापला असता तर निदान ओरडता आलं असतं. तुझ्या नावाने मी कुठे ओरडू?’

दादा रडू लागला. या वेळी तिने हात फिरवला नाही.

‘मूळ फोटो काढ,’ ती म्हणाली. ‘सातही. आत्ता.’

‘नाहीत,’ तो म्हणाला. साफ केलेला फोटो झाला की कच्चा पुसून टाकायचा, ही त्याची जुनी सवय. बाबा निगेटिव्हच्या एका तुकड्यालाही कात्री लावू देत नसत, आणि याने सात वर्षं जागा अडते म्हणून पुसली होती. तिचा तो चेहरा कुठेच नव्हता.

रात्रीपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. ताईने घरातला एकेक खण उपसायला घेतला. लग्नाकार्यात ती नेहमी कॅमेऱ्यामागे, म्हणून दुसऱ्यांच्या अल्बमात ती नव्हतीच. शेवटी जे सापडलं ते तिच्याच पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. काखेत कळसा म्हणतात तसं. गाडी चालवायचा परवाना. लग्नाच्या ऑर्डरींची गाडी ती धंद्याच्या परवान्यावर चालवायची, म्हणून दर तीन वर्षांनी तो नवा करावा लागे आणि त्यावरचा फोटो सरकारी कचेरीत, खिडकीमागचा कारकून काढत असे. एक चालू होता, दोन जुने होते, तिने फेकले नव्हते. नऊ, सहा आणि तीन वर्षांपूर्वीचे. ते बघून ती दर वेळी घरी येऊन हसली होती. ‘काय कारकून आहे! धड माणसाचं तोंड वाकडं काढतो. याला कुणी कॅमेरा दिला?’ दर वेळी दादाही तिच्याबरोबर हसला होता.

तीन परवाने तिने खिडकीपाशी ओळीने ठेवले. कारकुनाला काही येत नव्हतं. दिवा डोक्यावर, चेहरा पिवळा, डोळे अर्धे मिटलेले. पण हनुवटी जिथे होती तिथेच त्याने काढली होती. पहिल्यात मधोमध. दुसऱ्यात थोडी डावीकडे. तिसऱ्यात आणखी.

दुसऱ्या दिवशी ती दादाला घेऊन हॉस्पिटलात गेली. केबिनमध्ये शिरल्यावर स्वतः बसली आणि म्हणाली, ‘याला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.’ त्याला सांगावं लागलं, पहिल्यापासून, एका नर्ससमोर आणि दोन शिकाऊ डॉक्टरांसमोर. सर्जन बाईंनी परवाने भिंगाखाली धरून मोजले, मग भिंग खाली ठेवलं.

‘तुमच्या एका होकारावर मी यांचा अर्धा चेहरा घेणार होते,’ त्या दादाला म्हणाल्या. एवढंच. त्यापुढे त्या त्याच्याकडे बघून बोलल्याच नाहीत.

आणखी एक तपासणी झाली, हाडाची. गाठ जवळजवळ झोपलेली होती, म्हणजे तिची वाढ थांबत आली होती. ऑपरेशन लहान झालं. कानापुढे चीर देऊन कोंब तासून काढला, बिजागरी राहिली, नस राहिली. आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. गाठ साधी, कूर्चेची आणि हाडाची, पुन्हा उगवण्याची शक्यता नगण्य. शुद्धीवर आल्यावर ताईने पहिल्यांदा उजवा डोळा मिटून पाहिला. मिटला. मग ती भिंतीकडे तोंड करून खूप रडली, आणि नर्सला वाटलं दुखतंय.

दात जागेवर यायला सात महिने लागले, तारा लावून. हनुवटी हळूहळू मधोमध आली. गल्लीतली माणसं दुकानात डोकावून म्हणू लागली, ‘ताई, काय छान दिसताय! अगदी भिंतीवरच्या फोटोसारख्या.’ कौतुकानेच म्हणत. ताई हसून आभार मानायची आणि पडद्यामागे जाऊन दोन मिनिटं स्टुलावर बसायची. तिची सात वर्षं त्या भिंतीवरून आता कायमची गेली होती. जिने ती काढली, ती बाई तिथे नव्हती. तिला स्वतःलाही ती कधी भेटली नव्हती, कचेरीतल्या कारकुनाने भेटवली तेवढीच.

घर चाललं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चहा एकत्र होत होता. दादा अपराध्यासारखा तिच्या आधी उठून दुकान झाडायचा, आणि ताई त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तेवढं, तेवढंच गोड बोलायची. त्याला ते भांडणापेक्षा जड जात होतं. जाऊ दे, असं ताईला वाटे.

दुकानाचा एक वाढदिवस ऑपरेशनच्या गडबडीत फोटोशिवाय गेला होता, आता पुढचा आला. वहिनींनी भीत भीत विचारलं, ‘या वर्षी?’ ताई म्हणाली, ‘काढू या.’ तिने दिवा लावला, अंतर मोजलं, दोघं बसली, फोटो निघाला. दादा कोपऱ्यात गेला. थोड्या वेळाने तो लहान पोरासारखा हरखून, ओला फोटो दोन बोटांत धरून आला.

‘बघ, या वेळी काहीसुद्धा करावं लागलं नाही! सरळच आहेस.’

ताईने फोटो घेऊन खिडकीपाशी नेला. नाकाची सावली उजवीकडे. जबड्याची कड अंधारात. खरी. मग तिने कानापुढे पाहिलं. तिथे तिला कानाच्या पाळीपासून वर जाणारी गुलाबी रेघ आहे, बोटाएवढी. फोटोत तिथे गुळगुळीत कातडी होती.

‘वण कुठाय?’

दादाने फोटो हातात घेतला. त्याने बघितलं, परत बघितलं. त्याचा चेहरा उतरला. ‘काढला का मी? अगं... कळलंच नाही. हात गेला असेल सवयीने.’

तो खोटं बोलत नव्हता. ताईने हजारो चेहरे पाहिले होते, आणि तिला ते स्पष्ट दिसलं. तो खरंच बोलत होता. राग यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा. ज्याला आपण काय करतोय हे कळतच नाही, त्याला माफ करून तरी काय उपयोग? उद्या पुन्हा हात जाणारच.

तिने तो फोटो त्याच्याकडेच राहू दिला. पडदा ओढून आत गेली, दोनातली एक खुर्ची बाजूला केली, आणि एकटीने बसून पुन्हा एक फोटो काढला. मग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मुठीत धरलं, चपला घातल्या, आणि तीन गल्ल्या ओलांडून बाजारापलीकडच्या स्टुडिओत गेली. तिथला फोटोवाला बाबांच्या वेळेपासून त्यांचा वैरी. तिला दारात बघून तो उठूनच उभा राहिला.

‘ताई, तुम्ही? इथे?’

‘एक फोटो छापून हवाय. आहे तसा. कशालाही हात लावायचा नाही.’

त्याने कार्ड घेतलं, पडद्यावर तिचा चेहरा उघडला, आणि न राहवून म्हणाला, ‘अहो, पण तुमच्या दादासारखा छापणारा या गावात दुसरा नाही. घरचं माणूस सोडून माझ्याकडे कशा आलात?’

‘घरी माणूस नाही,’ ताई म्हणाली, आणि फोटो हातात पडेपर्यंत ती त्याच्या पडद्यावरून नजर न हलवता तिथेच उभी राहिली.